अठराव्या ग्रीनवरचं दव

पाकीट सहा वाजता मिळायचं होतं आणि चार वाजले तरी पगाऱ्यांच्या घरात कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. मंगलने तिसऱ्यांदा चहा टाकला. कुणी मागितला म्हणून नव्हे, हात रिकामे राहिले की तिच्या तोंडाला धार चढते, म्हणून. लेक रवी गोल्फच्या स्पर्धेत शनिवारअखेर एका फटक्याने पुढे आहे, उद्या शेवटचा दिवस, साठ वर्षांत दुसऱ्यांदा पगाऱ्यांचं नाव क्लबातल्या सागवानी फळीवर चढायची वेळ आली आहे, आणि ही माणसं सुतकात बसल्यासारखी बसलेली. पहिल्या वेळेचं नाव तर या घरात काढतच नाहीत.

आग लागली होती ती दुपारी. सेक्रेटरी साहेबांनी सहादूला, म्हणजे मंगलच्या नवऱ्याला, ऑफिसात बोलावून बसायला खुर्ची दिली. अंजन टेकडीच्या क्लबात हेड माळ्याला खुर्ची दिली की समजावं, काहीतरी काढून घेणार आहेत. दुसऱ्या नंबरवरच्या खेळाडूच्या माणसांनी लेखी तक्रार दिली होती की बाप होल कापतो आणि मुलगा खेळतो, हे बरं दिसत नाही. होलच्या जागा रोज बदलतात; बाकी सतरा होल कुठे आहेत त्याचा कागद सगळ्या खेळाडूंना सकाळीच मिळतो, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सगळा घोळ अठराव्याचा. गोदावरी ओपनची ही पहिल्यापासूनची खोड आहे. शेवटच्या दिवशी अठराव्या ग्रीनवर होल कुठे कापलाय, हे कुणालाच आधी सांगत नाहीत. ते ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, उंचवट्यावर आहे. खाली उभं राहिलं की झेंड्याचं नुसतं फडकं दिसतं, होल पुढ्यात आहे की पार मागे, ते कळत नाही. झेंडाही खेळ सुरू झाल्यावरच लावतात. जागा लिहिलेलं बंद पाकीट आदल्या संध्याकाळी सहाला फक्त हेड माळ्याच्या हातात पडतं.

तेव्हा साहेबांचं म्हणणं असं, की उद्या अठरावा तेवढा बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसाला कापू द्यावा. सक्ती नाही, सहा वाजेपर्यंत विचार करून सांगावं. सहादू घरी आला, दोन वाक्यांत हे सगळं सांगितलं आणि दारातल्या पायरीवर बसून कटरचे दात कानशीने घासायला लागला. कटर म्हणजे दात पाडलेला लोखंडी पाइप, वर आडवी मूठ. त्याच्या बापाचा, कारभारीचा. क्लबाने नंतर तीन नवे घेतले, पण ओपनचा होल पगाऱ्यांनी दुसऱ्या कशाने कधी कापला नाही.

मंगल म्हणाली, द्या की त्या ठेकेदाराला. एका दिवसाने तुमचे हात गळून पडणार नाहीत. रवी बापासाठी उसळला. अठराव्यावरून अण्णांनी हात काढला तर आपण उद्या खेळणार नाही, त्याने निक्षून सांगितलं. एकोणतीस वर्षांचा घोडा झाला तरी राग आला की उभा राहून बोलायची त्याची सवय गेली नव्हती.

"आपण बाजूला झालो म्हणजे तक्रार खरी, असंच होणार ना, आई? एकोणऐंशी सालीपण आजोबांनी चोरी केली होती, असं आपणच लिहून दिल्यासारखं आहे ते."

निघालं अखेर ते साल. कोपऱ्यातल्या कॉटवर बसलेल्या सहादूच्या आईने, भिमाबाईने, लसणाची पाकळी सोलता सोलता हात थांबवला, आणि पुन्हा सोलायला लागली.

रोहिणी भावाच्या मागे उभी राहिली नाही, आईच्याही नाही. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते, आणि साठाव्या ओपनची स्मरणिका क्लबाने तिच्याकडे दिली होती. माळ्याची मुलगी इतिहास लिहिते म्हणून दोघा-चौघांनी नाकं मुरडली, पण काम तिलाच मिळालं. सहा महिने ती रेकॉर्डच्या कपाटात डोकं घालून बसली होती. चौसष्ट साली देवळालीच्या लष्करी अधिकाऱ्यांनी हौसेने स्पर्धा सुरू केली तेव्हा ग्रीनवर गवताचं नाव नव्हतं. रेती पसरायची आणि ती उडू नये म्हणून इंजिनचं जळकं ऑइल शिंपडायचं. होलच्या आत बसवायला तिच्या आजोबांनी वनस्पती तुपाचे डबे कापले. पहिलं बक्षीस चांदीचा पेला आणि एक सायकल. गवत आलं एकाहत्तर साली, आणि गवताबरोबर दव आलं. कॅडींना, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या पोरांना, फक्त सोमवारी, क्लब बंद असताना, खेळायची मुभा होती. त्र्याहत्तर साली नियम बदलला आणि ओपनमध्ये उतरणारा पहिला कॅडी ठरला तिच्या आजोबांचा धाकटा भाऊ, दत्तू. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर स्पर्धा कधी चुकली नाही. हे सगळं तिने झकास लिहिलं. फक्त एकोणऐंशी साल आलं तेव्हा विजेत्याचं नुसतं नाव लिहून पुढे सरकली. कमिटीच्या इतिवृत्तातली त्या सालची ओळ तिने वाचली होती, झेरॉक्सही काढून ठेवली होती, पण घरात विचारायचा धीर झाला नव्हता. आता स्मरणिका छापून आली होती आणि तिला स्वतःची लाज वाटत होती.

तिने आणखी एक गोष्ट घरात सांगितली नव्हती. ती गोष्ट साडेचारला रिक्षातून उतरली.

म्हातारा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, हातात प्रवासाची पिशवी. मालेगावहून एसटीने आला होता, द्वारका चौकात उतरून रिक्षा केली होती. सहादूने मान वर केली आणि कानस खाली पडली. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून तो बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत फिरला होता, तो चुलता शेहेचाळीस वर्षांनी दारात उभा होता.

"दादाचाच कटर हाय ना ह्यो?" दत्तूने विचारलं. घरच्यांना जय भीम घालायच्या आधी त्याने हे विचारलं.

क्लबाने साठाव्या ओपननिमित्त सगळ्या जुन्या हयात खेळाडूंना बोलावणं पाठवलं होतं, आणि यादी रोहिणीने केली होती. मंगलने लेकीकडे असं पाहिलं की रोहिणी मुकाट्याने पाणी आणायला आत गेली. आजचाच मुहूर्त सापडला का हिला! एका घरात एका दुपारी किती काय काय मावणार?

दत्तू भिमाबाईसमोर खुर्ची ओढून बसला. दोघांनी एकमेकांना नीट पाहून घेतलं. भिमाबाईने विचारलं, जेवला का. त्याने होय म्हटलं. तिने विचारलं, कापडाचा लूम अजून चालवतो का. तो म्हणाला, कधीच सोडला, आता कान गेलेत, त्या खडखडाटात तीस वर्षं काढली. मग आपणहून सांगितलं की एकोणऐंशीत इथून निघाला तेव्हा जिथे गवताचं पातं नजरेला पडणार नाही असं गाव त्याने शोधलं होतं.

"वैनी, एकच विचारायला आलो. दादा गेला, आता तुलाच विचारणार. त्यानं मला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मग कमिटीपुढं हो कशाला म्हटला?"

सहादूला उठून जावंसं वाटलं. बापाने त्याला सगळं शिकवलं होतं. कटर किती दाबायचा, नव्या होलची निघालेली मातीची वडी जुन्या होलात कशी बसवायची, पाकीट हातात पडल्यापासून पहिला बॉल उडेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही आणि पंपहाऊसमध्ये झोपायचं. ही मौनाची रीत एकोणऐंशीनंतरची. का, हे बापाने सांगितलं नाही आणि सहादूने विचारलं नाही. चोरी झाली असेल, हीच भीती होती. ती घेऊन त्याने बावीस वर्षं होल कापले.

शेवटी रोहिणीनेच झेरॉक्स काढली. शाळेत धडा वाचतात तशी सावकाश वाचली. अठराव्या होलची जागा घरात कुणास सांगितली काय, असे विचारता हेड माळी यांनी होय असे सांगितले. सबब खेळाडू दत्तू पगारे यांस बाद ठरविण्यात आले.

"खरं हाय ते," भिमाबाई म्हणाली. "मला सांगितली होती."

दत्तूला ऐकू आलं नाही. तिने मोठ्याने पुन्हा सांगितलं. त्या काळी ग्रीनवरचं दव झाडायला अकरा बाया रोजंदारीवर होत्या आणि अठरावं ग्रीन तिच्याकडे होतं. पहाटे दव झाडल्याशिवाय होल कापता येत नाही, आणि कापायची जागा आधी सुकायला हवी, म्हणून कारभारी तिला आदल्या संध्याकाळी जागा सांगून ठेवायचा. कमिटीने विचारलं, घरात सांगितलं का. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. कुणाला सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्याने आपणहून सांगितलं नाही. बायकोचं नाव निघालं असतं तर बाया फितूर आहेत म्हणून अकराच्या अकरा जणींना घालवलं असतं.

"मला वाटलं, तू त्याला विचारशील. तू पिशवी भरलीस आन् गेलास. मग त्यो कुणाशी बोलंना झाला."

दत्तूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. 

"मला बी विचारलं होतं त्यांनी, तुला कसं कळलं म्हणून. सगळ्यांचे बॉल पुढं पडत होते आन् माझा थेट मागच्या कोपऱ्यात, होलपाशी. मी गप बसलो." तो भिमाबाईकडे न बघता बोलत होता. "तुझ्या फोकानं सांगितलं मला, वैनी."

कुणाला काही समजलं नाही. मग त्याने बोटाने गुडघ्यावरच्या टोपीवर काढून दाखवलं. बांबूचा दहा फुटी फोक गवतावरून सपासप फिरवला की दव उडतं, आणि जिथून तो गेला तिथे गडद रेघ राहते. बाकीच्या बाया या कडेपासून त्या कडेपर्यंत झाडायच्या. भिमाबाई माहेराहून मळणीचं खळं झाडायला शिकून आलेली. खळं झाडतात मधल्या मेढीच्या खांबापासून, गोल गोल, बाहेर. ग्रीनही ती तसंच झाडायची. होलची जागा हीच तिची मेढ. त्या रविवारी सकाळी सात वाजता दत्तू ग्रीनहून उंच असलेल्या क्लबाच्या पायऱ्यांवर उभा होता. समोर अठरावं ग्रीन, त्यावर रेघांची वर्तुळं, आणि वर्तुळांच्या मधोमध सुकलेली जागा. पन्नास-साठ माणसं त्याच पायऱ्यांवरून गेली. वाचता आलं ते एकट्याला, कारण ते खळं त्याच्या घरचं होतं.

"हे सांगितलं असतं तर तुझं नाव निघालं असतं," तो म्हणाला. "मला काय ठाऊक, दादा बी त्याचसाठी गप हाय."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. भिमाबाईने लसणाचं ताट बाजूला सारलं. ती रडेल असं रोहिणीला वाटलं, पण म्हातारीला राग आला होता.

"दोघं माझ्यापायी गप बसलात, आन् मला विचारलं नाय. एकानं बी नाय. विचारलं असतं तर मी जाऊन सांगितलं असतं कमिटीला. रोजंदारी गेली असती तर गेली असती. निंदायला गेलो असतो कुठं बी. भाऊ भावाला राहिला असता ना. मरताना तुझं नाव घेत होता तो, भाऊजी. आन् मी म्हणायची, मालेगावला माणूस धाडू का, तर मान हलवायचा, नको म्हणून."

आता मात्र दत्तूला रडू आवरलं नाही. तो तोंडावर टोपी धरून रडला, लहान मुलासारखा हुंदके देत, आणि सहादू त्याच्या पाठीशी जाऊन उभा राहिला.

मंगल मात्र भलताच हिशेब करत होती. बावीस वर्षं अठरावं ग्रीन तीच झाडते. मशीन आली तरी ओपनच्या शेवटच्या दिवशी पगारे फोकानेच झाडतात. सहादू घरात मौन पाळतो खरा, पण पहाटे ग्रीनवर बायकोला बोटाने जागा दाखवतो. आणि झाडायला शिकवलं सासूने. खळ्यासारखं. तिने हळूच लेकाकडे पाहिलं. दत्तूही त्याच्याकडेच पाहत होता.

"पोरा, तुला दिसतं का रे?"

रवी अजून उभाच होता. तो खाली बसला.

"दिसतं, नाना. मी मुद्दाम बघत नाही. गेटातून आत आलं की दिसतं. लहानपणापासून आईला झाडताना बघितलंय. मला वाटायचं, सगळ्यांनाच दिसत असेल."

चार वर्षं तो ओपन खेळत होता. चारही वर्षं शेवटच्या दिवशी त्याला अठरावा आधीच ठाऊक होता. रोहिणीच्या तोंडून निघून गेलं, की ठाऊक असून गेल्या वर्षी अकरावा आलास म्हणजे कमालच, आणि इतक्या सगळ्यात मंगलला फस्सकन हसू फुटलं. रवी हसला नाही. दोन तासांपूर्वी घराण्याच्या नावासाठी भांडणारा तो, आता म्हणायला लागला, अण्णा, द्या ठेकेदाराला. तक्रार खरी आहे त्यांची. माझ्याकडून खरी आहे.

आणि मंगल, जी दुपारपासून द्या द्या म्हणत होती, ती पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहिली. काही द्यायचं नाही. तुझ्या बापाने काय केलंय? तक्रार कटरवर आहे, कटरने काही पाप केलेलं नाही. पाप असलं तर फोकाचं आहे, आणि ते माझ्या हातात आहे.

"तुझ्या नाय," भिमाबाई म्हणाली. "माझ्या हातचं हाय, तू शिकलीस फक्त. कापायचं सहादूच कापंल. झाडायचं उद्या मी झाडणार, ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत. आन् सहादू, मला जागा सांगायची नाय. मला कळायला नको."

गुडघे, थंडी, ब्याऐंशी वर्षं, सगळं मंगलने सांगून पाहिलं. भिमाबाईने फोक कुठे ठेवलाय एवढंच विचारलं.

सहाला दहा कमी असताना सहादू पाकीट आणायला निघाला. साहेबांना सांगायचं ते त्याने वाटेत तीनदा मनाशी घोकलं आणि तिथे भलतंच बोलला. अठरावा मीच कापणार, साहेब. माझी आई झाडणार. तुमच्या माणसाला पहाटे उभा करा, तक्रारवाल्यांनाही करा. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि पाकीट दिलं. सहादूने ते खिशात घातलं आणि तोंड मिटलं. यंदा पहिल्यांदाच त्याला त्या मौनाची भीती वाटली नाही.

इकडे रोहिणी कोरा कागद घेऊन कॉटवर आजीशेजारी बसली. स्मरणिका छापून झाली होती, पण आत एक जादा पान चिकटवता येणार होतं. पेनाचं टोपण काढून ती थांबली.

"आजी, लिहू का हे? तू सांगशील तेवढंच लिहीन."

भिमाबाई म्हणाली, "लिही. अकरा बायांची नावं मला पाठ हायेत. ती बी लिही." आणि तिने झुंबर, यशोदाबाई अशी एकेक सांगायला सुरुवात केली.

रविवारी सकाळी सात वाजता रवी गेटातून आत आला तो मान खाली घालून. दत्तू पायऱ्यांवर आधीच उभा होता, कानटोपी, मफलर, अंगात सहादूचा स्वेटर. रवीने त्याला नमस्कार केला आणि पाठ फिरवून सरावाच्या जागेकडे निघाला. ग्रीनकडे बघायचंच नाही, असं त्याने रात्रीच ठरवलं होतं.

"थांब," दत्तू म्हणाला. "बघ तिकडं. बघायचं असतं."

अठरावं ग्रीन समोर होतं. कडेला उलट्या बादलीवर भिमाबाई बसली होती, मांडीवर आडवा फोक, आणि मंगल तिचे पाय चोळत होती. ग्रीनवर रेघा होत्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकीला लागून एक. म्हाताऱ्या हातांच्या म्हणून वाकड्यातिकड्या झालेल्या, पण कुठेही वर्तुळ नव्हतं. सहादू कटर खांद्यावर टाकून पंपहाऊसकडे चालला होता. होल कापून झाला होता, आणि तो तिथे कुठेतरी त्या रेघांमध्ये होता.

रवीने शोधलं. राहवलं नाही, म्हणून डावीकडून उजवीकडे दोनदा शोधलं. मग त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. दत्तू डोळे बारीक करून केव्हाचा बघत होता.

"नाना, काय दिसतंय?"

दत्तूने कानटोपी मागे सारली. खाली भिमाबाईने मान वर केली आणि त्याला पाहून फोक थोडासा उचलला. त्यानेही हात उचलला.

"कायबी नाय दिसत," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते तरी तो हसत होता. "जा आता. खेळ."